अखेरचे नऊ दिवस

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातील मध्यमवर्गीय कुटुंबांत एक जाडजूड पुस्तक हटकून आढळे. त्याचे नाव 'गृहव्यवस्थेचे पुस्तक'. पाने अकराशेंहून अधिक. कोबी किती वेळ शिजवावा, पाहुण्यांसाठी मेज कसे मांडावे, मोलकरणीने सकाळी उठून प्रथम कोणते काम करावे, तान्ह्या मुलाचे आजार कसे ओळखावे, इतकेच काय, मृत्युपत्र कसे करावे हेही त्यात सांगितलेले होते. १८६१ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि पहिल्याच वर्षात त्याच्या साठ हजार प्रती खपल्या. लेखिकेचे नाव मिसेस बीटन. एवढे सारे ज्ञान असलेली ही बाई केस पिकलेली, स्थूल शरीराची, नातवंडांनी वेढलेली एखादी आजीबाई असावी असे वाचकांना वाटे. वस्तुतः पुस्तक बाहेर पडले तेव्हा बीटनबाईंचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. आणि तिसाव्या वर्षापर्यंत पोहोचणे त्यांच्या नशिबी नव्हते.

इझाबेलाचा जन्म १८३६ सालचा, लंडनमधला. वडील लहानपणीच वारले. आईने पुनर्विवाह केला तो एका विधुराशी. आईची चार मुले, त्या गृहस्थांची चार, आणि पुढे दोघांना झालेली तेरा, अशी एकूण एकवीस भावंडे! सावत्र वडील एप्सम येथील घोड्यांच्या शर्यतींचे व्यवस्थापक होते. घर एवढ्या मुलांना पुरेना, म्हणून काहींना शर्यतीच्या मैदानावरील प्रेक्षकांच्या मोठ्या इमारतीतच ठेवलेले असे. शर्यती नसतील तेव्हा त्या रिकाम्या इमारतीत धाकट्या भावंडांना न्हाऊ-माखू घालणे, त्यांची दुखणीखुपणी काढणे ही कामे इझाबेलाकडे येत. घर कसे चालवावे याचे पहिले धडे तिने तेथेच गिरवले असणार.

१८५६ साली सॅम्युएल बीटन या तरुण प्रकाशकाशी तिचा विवाह झाला. सॅम्युएल स्त्रियांसाठी एक मासिक काढीत असे. इझाबेला त्यात लिहू लागली आणि पतीबरोबर आगगाडीने लंडनच्या कचेरीतही जाऊ लागली. पाककृतीच्या आरंभीच लागणाऱ्या जिनसांची यादी द्यावयाची, खर्च किती येईल व किती माणसांना पुरेल तेही सांगावयाचे, ही तिची पद्धत. १८५८च्या कडक हिवाळ्यात तिने आपल्या स्वयंपाकघरात सूप शिजवून गावातील गरिबांना वाटले होते. त्या सूपाची कृतीही पुस्तकात आहे.

परंतु तिच्या स्वतःच्या घरावर मृत्यूची छाया वारंवार पडली. पहिला मुलगा १८५७ साली जन्मला आणि सुमारे तीन महिन्यांतच गेला. दुसरा तीन वर्षांचा होऊन १८६२च्या अखेरीस दगावला. बालसंगोपनावर विस्ताराने लिहिणाऱ्या या आईच्या हाती स्वतःची दोन मुले लागली नाहीत. १८६३च्या शेवटच्या दिवशी तिसरा मुलगा झाला; तो जगला.

२९ जानेवारी १८६५. केंट परगण्यातील ग्रीनहाइथ या गावी इझाबेला आपल्या मोठ्या पुस्तकाच्या संक्षिप्त आवृत्तीची मुद्रिते तपासीत होती. काम चालू असतानाच कळा सुरू झाल्या. त्याच दिवशी तिला चौथा मुलगा झाला. बाळ सुखरूप होते. दुसऱ्या दिवशी मात्र इझाबेलाला ताप भरला. तो उतरला नाही. ६ फेब्रुवारी रोजी तिने प्राण सोडला. त्या वेळी तिचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते. थोरला मुलगा एक वर्षाचा, आणि धाकटा नऊ दिवसांचा.

राणी व्हिक्टोरियाच्या त्या काळात घरात मृत्यू झाला म्हणजे खिडक्यांचे पडदे ओढून घेत. पुष्कळ घरांत आरसे झाकीत आणि मृत्यूच्या क्षणी घड्याळ बंद करून ठेवीत. आप्तेष्टांना पाठवावयाच्या पत्रांच्या कागदाला व पाकिटाला काळी किनार असे. टपालवाल्याने तसे पाकीट हाती दिले की ते न फोडताच उमजे, काय घडले ते. दाराशी काळ्या पोशाखातील भाडोत्री माणसे खिन्न मुद्रेने मुकाट्याने उभी करीत. या कामाचे त्यांना पैसे मिळत! शवपेटी नेण्यासाठी काळी गाडी, तिला काळे घोडे, आणि घोड्यांच्या मस्तकांवर शहामृगाच्या काळ्या पिसांचे तुरे. ज्याची जशी ऐपत तशी पिसांची संख्या. ऐपत नसलेलेही कर्ज काढून हा थाट करीत, आणि हे मात्र आपल्याला नवीन नाही.

सुतकाचेही कडक नियम होते. आपल्याकडे शोकाचा रंग पांढरा, तिकडे काळा. विधवेने सुमारे दोन वर्षे शोकवस्त्रे वापरावयाची, आणि पहिले वर्षभर तर क्रेप नावाचे निस्तेज काळे कापड लावलेला पोशाख. दागिना घालावयाचाच तर व्हिटबीच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या 'जेट' नावाच्या काळ्या दगडाचा. मृताच्या केसांची बट लॉकेटात जपून ठेवण्याची चाल होती. शोकाचे कपडे विकणारी मोठमोठी दुकाने लंडनमध्ये निघाली होती. स्वतः राणीने १८६१ साली पती वारल्यापासून १९०१ साली मृत्यू येईपर्यंत काळी वस्त्रे सोडली नाहीत. मग प्रजेने तिचा कित्ता गिरवला यात नवल काय? विधुराला मात्र एवढे बंधन नव्हते. टोपीला काळी पट्टी, हातात काळे मोजे, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जाण्याची मोकळीक.

११ फेब्रुवारी रोजी लंडनच्या दक्षिणेकडील वेस्ट नॉरवुड येथील दफनभूमीत इझाबेलाला पुरण्यात आले. लंडनमधील चर्चांच्या आवारांत प्रेते पुरण्यास जागा उरली नव्हती, म्हणून शहराबाहेर ज्या नव्या विस्तीर्ण दफनभूमी तयार केल्या गेल्या त्यांपैकी ही एक. १८३७ साली उघडलेली. मध्यमवर्गातील स्त्रियांनी दफनाला जाऊ नये असा तेव्हाचा रिवाज होता. ज्या आईचे बाळ पाळण्यात आहे तिच्या थडग्याशीदेखील बहुधा पुरुषच उभे राहत.

इझाबेला ज्या आजाराने गेली त्याला बाळंतज्वर म्हणतात. बाळंतपणानंतर आईच्या गर्भाशयात वार सुटल्याची ओली जखम असते. त्या जखमेत सूक्ष्म जंतू शिरले की ते रक्तात पसरतात आणि तीव्र ताप येतो. हे जंतू बहुधा येत ते डॉक्टरांच्या किंवा सुइणीच्या हातांवरून. एका रोग्याला तपासून, न धुतलेल्या हातांनी ते दुसरीकडे जात.

आता जी गोष्ट सांगावयाची ती ऐकून मन अधिकच हळहळते. हा धोका कसा टाळावा हे तेव्हा एका माणसाला ठाऊक होते. १८४७ साली व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात इग्नाट्स सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर काम करीत होता. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. ज्या विभागात सुइणी शिकत तेथे मृत्यू कमी. ज्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत तेथे कितीतरी अधिक. त्याच्या लक्षात आले की हे विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून सरळ बाळंतिणींना तपासावयास येतात. त्याने नियम केला : क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणीही बाळंतिणीला शिवावयाचे नाही. एप्रिल महिन्यात त्या विभागात शंभरांतील अठरा बाळंतिणी मरण पावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शंभरांत दोनवर आले.

एवढा पुरावा समोर असूनही बहुतेक डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. जंतूंमुळे रोग होतात हे तोपर्यंत सिद्ध झालेले नव्हते. आणि आपल्याच हातांनी रोगी मरतात हे कबूल करणे कोणाला रुचणार? त्याने आपले विवेचन ग्रंथरूपाने छापले. त्या ग्रंथावरही १८६१ हेच साल आहे. बीटनबाईंचे पुस्तक घरोघर पोहोचले. सेमेलवाइसचे पुस्तक फारसे कोणी मनावर घेतले नाही. हताश झालेला हा डॉक्टर १८६५च्या ऑगस्टमध्ये, इझाबेलानंतर सहा महिन्यांनी, वेड्यांच्या रुग्णालयात मरण पावला. जखम चिघळून रक्त दूषित झाल्याने त्याला मृत्यू आला. त्याच महिन्यात ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या मोडलेल्या पायाची जखम कार्बोलिक आम्लाने निर्जंतुक करून बरी करण्याचा प्रयोग आरंभला. त्यानंतर हळूहळू डॉक्टर हात धुऊ लागले. तरी बाळंतज्वरावर खरे औषध मिळण्यास १९३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी प्राँटोसिल हे औषध बाळंतिणींना देऊन त्यांचे प्राण वाचवता येतात हे दाखवून दिले.

इझाबेलाच्या मागे सॅम्युएलचे दिवस फिरले. १८६६च्या आर्थिक संकटात त्याने पुस्तकांचे हक्क दुसऱ्या प्रकाशकांना विकले. या प्रकाशकांनी बाई वारल्याचा गवगवा होऊ दिला नाही. तिच्या नावावर नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, आणि वाचक समजत राहिले की बीटनबाई कोठेतरी बसून अजून लिहीतच आहेत. सॅम्युएल १८७७ साली क्षयाने वारला. त्याला पत्नीशेजारी पुरले.

त्या नऊ दिवसांच्या बाळाचे नाव मेसन. तो १९४७ सालापर्यंत जगला. १९३२ साली त्याने आपल्या आईचे एक छायाचित्र लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयाला भेट दिले. त्यात केस चापूनचोपून बसवलेली, विशीतली एक मुलगी शांतपणे आपल्याकडे पाहत आहे. मेसन तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता.