आरोग्याचे दोन शब्द : पोपटाला घेऊन परदेशी जाताना



माझ्या मोठ्या नणंदेचा मुलगा तोक्योला नोकरीला आहे. तिकडे तीन महिने जायचे ठरल्यावर वन्संनी मला पहिला प्रश्न विचारला तो तिकिटाचा नव्हता, मिठूचा होता. "अगं, मिठूला नेता येईल का? माझ्याशिवाय तो दाणा उचलत नाही." मिठू म्हणजे त्यांचा कॉकॅटिल, डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. वन्संचे वय एकोणऐंशी, त्यातून दम्याचा जुना त्रास. मी म्हटले, "वन्सं, कागदपत्रांचे नंतर पाहू. आधी तुमच्या छातीचे बोलू."

याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुंबईच्या एका रुग्णालयात वॉर्डात असताना एक निवृत्त शिक्षक दाखल झाले. कडक ताप, थंडी, डोके फुटेल असे दुखणे, कोरडा खोकला. पेनिसिलिनची इंजेक्शने मीच देत होते, पण ताप हटेना. एकदा भेटीच्या वेळी त्यांची नात म्हणाली, "आजोबा, आपला पोपटपण आजारी आहे, पिसे फुगवून बसतो." मी ते ऐकले आणि पुढच्या खाटेकडे गेले. दोन दिवसांनी आठवण झाली तेव्हा डॉक्टरांना सांगितले. त्यांनी लगेच औषध बदलून टेट्रासायक्लिन सुरू केले आणि दोन दिवसांत ताप उतरला. शिक्षक बरे होऊन घरी गेले. पण माझ्यामुळे वाया गेलेले ते दोन दिवस मला आजही टोचतात.

या आजाराला सिटॅकोसिस म्हणजे पोपटज्वर म्हणतात. जंतू पक्ष्याच्या विष्ठेत आणि नाकातल्या स्रावात असतात. विष्ठा वाळली की तिची धूळ होते आणि ती श्वासातून आपल्या फुप्फुसात जाते. पक्षी चावायलाच हवा असे नाही. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांमुळे ही साथ अनेक देशांत पसरली आणि जानेवारी १९३० मध्ये अमेरिकेने पोपटांची आयात थांबवली. जपानीत रोगाचे नावच 'ओउमु-ब्यो', म्हणजे पोपटाचा रोग. रुग्ण आढळला की डॉक्टरांनी ताबडतोब सरकारला कळवायचे, असा तिथला कायदा आहे. २००१ च्या अखेरीस मात्सुए शहरातल्या एका पक्षी-उद्यानात साथ आली, तेव्हा कर्मचाऱ्यांबरोबर नुसते पाहायला आलेले लोकही आजारी पडले.

आता प्रवासाचा मुद्दा. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्याच्या अंगातही हे जंतू लपलेले असू शकतात. लांबचा प्रवास, आवाज, थंडी, नवी जागा यांनी पक्षी घाबरतो, त्याची ताकद कमी होते आणि तो जंतू बाहेर टाकू लागतो. म्हणजे घरी निरुपद्रवी असलेला मिठू नेमका प्रवासात, आपल्या नाकाजवळच्या पिंजऱ्यात, धोक्याचा ठरू शकतो.

कागदपत्रेही सोपी नाहीत. जपानला पाळीव पक्ष्यासाठी आपल्या सरकारच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा आरोग्य दाखला लागतो, खासगी डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. त्या दाखल्यात मुख्यतः बर्ड फ्लू आणि वेस्ट नाईल तापाचा विचार असतो. म्हणून दाखला मिळाला तरी पोपटज्वराची काळजी संपत नाही. शिवाय बहुतेक जातींच्या पोपटांना साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना लागतो. कॉकॅटिल आणि बजरीगर त्यातून सुटतात. आफ्रिकन ग्रे मात्र २०१७ पासून सर्वांत कडक यादीत आहे. आणि आपला देशी हिरवा पोपट? तो तर भारतात घरी पाळणेच कायद्याने गुन्हा आहे, मग परदेशी नेण्याची गोष्टच नको.

वन्संनी ऐकले. मिठू धाकट्या जावेकडे राहिला. जाण्याआधी दोन आठवडे जाऊबाई रोज येऊन त्याला दाणे घालत होत्या, त्यामुळे त्याला माणूस ओळखीचे झाले. जाताना त्याचाच पिंजरा आणि तेच दाणे दिले.

घरी पक्षी असणाऱ्यांनी एवढे पाळावे :

१. पिंजऱ्यातला कागद रोज बदला. काढण्यापूर्वी पाण्याने ओला करा. वाळलेली घाण झाडू नका.

२. साफ करताना मास्क आणि हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. दमेकऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

३. पिंजरा झोपायच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात नको. चोचीला ओठ लावू नका, तोंडातला घास देऊ नका.

४. पक्षी पिसे फुगवून बसला, खाईना, डोळे-नाक वाहू लागले तर पशुवैद्याला दाखवा.

५. पक्ष्याशी संबंध आल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला सुरू झाला तर अंगावर काढू नका. यावर डॉक्सिसायक्लिनसारखी चांगली औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

तोक्योहून वन्संचा फोन आला, "अगं, इथे झाडावर आपले हिरवे पोपट! गळ्यात कंठासुद्धा आहे!" खरेच आहे ते. काही दशकांपूर्वी पाळायला म्हणून नेलेले पोपट पिंजऱ्यांतून सुटले आणि आज त्यांचे थवे तोक्योत राहतात. कुणाच्या तरी हौसेपायी परदेशी गेले आणि तिथलेच झाले. मी म्हटले, "वन्सं, खिडकीतूनच बघा हं."

डॉक्टर सगळे विचारतात, पण "घरी पक्षी आहे का?" हे विचारायचे कधी कधी राहून जाते. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. आपणच सांगा.