पाहणे आणि ओळखणे

डोळे उघडताच जग दिसू लागते, त्यात शिकण्यासारखे काही नाही, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु डोळा मनाला जे पुरवितो ते फारच थोडे असते. दृष्टिपटलावर उमटणारी प्रतिमा उलटी आणि सपाट असते. तिच्यात उजेड, अंधार आणि रंग यांचे लहानमोठे डाग असतात. ही घागर, ही पायरी, असे तिच्यावर कोठेही लिहिलेले नसते. अशा उद्दीपनापासून होणाऱ्या निव्वळ जाणिवेला 'वेदन' म्हणतात, आणि त्या जाणिवेला अर्थ येऊन वस्तूची जी प्रतीती होते तिला 'संवेदन' म्हणतात. वेदनाचे संवेदन करण्याची शक्ती मनाला जन्मतःच लाभते की अनुभवाने येते, हा तत्त्वज्ञांचा जुना वाद होय.

सतराव्या शतकाच्या अखेरीस डब्लिन येथील विल्यम मॉलिन्यू याने या वादाला नेमके रूप दिले. त्याची स्वतःची पत्नी अंध झालेली होती. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाला त्याने विचारले : एका जन्मांध मनुष्याला एकाच धातूचे, जवळजवळ एकाच आकारमानाचे गोल व घन हाताने चाचपून ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून, गोल कोणता आणि घन कोणता हे तो सांगू शकेल काय? सांगू शकणार नाही, असे मॉलिन्यूचे मत होते व लॉकलाही ते पटले. आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने हा प्रश्न घातला. तथापि दोघांचेही उत्तर तर्कावर आधारलेले होते. प्रयोग कोणीच केला नव्हता.

प्रयोगाची संधी क्वचितच येई. १९५८ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये एका ५२ वर्षांच्या मनुष्यावर शस्त्रक्रिया झाली. तो दहा महिन्यांचा असल्यापासून अंध होता. शास्त्रीय वाङ्मयात तो 'एस. बी.' या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. अंधशाळेत बोटांनी शिकलेली मोठी इंग्रजी अक्षरे त्याला लगेच वाचता आली. लहान अक्षरे मात्र वाचता येईनात, कारण ती त्याने हाताने कधी ओळखलीच नव्हती. कित्येक पुरुष उंचीच्या खिडकीतून हातांनी लोंबकळले तर पाय जमिनीला टेकतील, असे त्याला वाटे. विज्ञान संग्रहालयातील कातयंत्र तर त्याने स्पर्श करून पाहिले, तेव्हाच ते त्याला नीट दिसू लागले! ही दृष्टी त्याला सुखाची झाली नाही. तो खिन्न राहू लागला, संध्याकाळी दिवा न लावता बसे, आणि १९६० मध्ये तो मरण पावला.

परंतु एस. बी. प्रौढ होता आणि एकटाच होता. एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधता येत नाही. ही उणीव भारतातील मुलांमुळे काही अंशी भरून निघाली. जन्मजात मोतीबिंदू असलेली अनेक मुले आपल्याकडे वेळीच उपचार न मिळाल्यामुळे वर्षानुवर्षे अंधारात राहतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील प्राध्यापक पवन सिन्हा यांनी 'प्रकल्प प्रकाश' सुरू केला. अशा मुलांवर शस्त्रक्रिया करावयाची आणि त्यांच्या दृष्टीचा अभ्यासही करावयाचा, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे.

२०११ मध्ये या प्रकल्पातील मॉलिन्यूच्या प्रश्नाची चाचणी प्रसिद्ध झाली. ८ ते १७ वर्षांची पाच मुले घेतली, आणि शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत त्यांना खेळण्यातील ठोकळ्यांचे निरनिराळे आकार दिले. हाताने एकदा चाचपलेला आकार पुन्हा हातानेच निवडणे त्यांना सहज जमले. डोळ्याने पाहिलेला पुन्हा डोळ्यानेच निवडतानाही दहापैकी नऊ वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे डोळे काम करीत होते. मात्र हाताने चाचपलेला आकार डोळ्याने निवडावयाचा म्हटले, की उत्तर अंदाजाने दिल्यासारखे येई. मॉलिन्यूचे म्हणणे खरे ठरले. परंतु ज्यांची पुन्हा चाचणी घेतली त्यांना अवघ्या काही दिवसांत हेही जमू लागले. घाईने निष्कर्ष काढणाऱ्याने ही दुसरी गोष्ट विसरू नये.

दुसऱ्या एका अभ्यासात एकमेकांवर अंशतः आलेले वर्तुळ व चौकोन दाखविले. दोनऐवजी तीन वस्तू आहेत, असे नवदृष्टी मिळालेल्यांना वाटे. रेषांनी वेढलेला प्रत्येक तुकडा त्यांना स्वतंत्र भासे. पण आकृत्या हलविल्या की एकत्र सरकणारे भाग एका वस्तूचे आहेत, हे त्यांना तत्काळ कळे. गाय स्थिर उभी असता तिच्या अंगावरील काळे ठिपके पोरास निराळे वाटावेत, आणि ती चालू लागताच सगळे मिळून गाय व्हावी, तसा हा प्रकार होय.

तेव्हा सर्व काही अनुभवानेच येते काय? तसेही नाही. टोकांना आत व बाहेर वळलेले बाण जोडले की सारख्या लांबीच्या दोन रेषा लहानमोठ्या दिसतात, हा दृष्टिभ्रम पुस्तकांतून परिचित आहे. इमारतींचे कोपरे पाहण्याच्या सवयीतून तो उत्पन्न होतो, असे पुष्कळांनी मानले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जन्मांध मुलांना दृष्टी येताच लगोलग हाच भ्रम झाल्याचे आढळले.

या साऱ्याचा संबंध एका व्यावहारिक प्रश्नाशी आहे. ह्यूबेल व वीझेल यांनी मांजराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांनंतर, बालपणीची काही वर्षे गेली की मेंदू पाहणे शिकत नाही, असा समज दृढ झाला होता. त्या समजापायी 'आता उशीर झाला' हे उत्तर अनेक आईबापांना ऐकावे लागले. उशिराचे दुष्परिणाम खोटे नाहीत. अशा मुलांची दृष्टी पुढेही सर्वसामान्यांइतकी तीक्ष्ण होत नाही, म्हणून उपचार शक्य तितक्या लवकर व्हावा हेच इष्ट. पण वर उल्लेखिलेल्या आकृत्यांच्या अभ्यासात २९ वर्षांचा एक तरुण होता. त्याच्या डोळ्यांत भिंगे नव्हती. त्याला केवळ चष्मा मिळाला. आरंभी स्थिर चित्रांचे तुकडेच पाहणारा तो तरुण काही महिन्यांनी त्यांतील वस्तू ओळखू लागला.