‘आतल्या’ लेसरचे पैसे भरण्याआधी

‘बाळंतपणानंतर सैलपणा आलाय, लेसरनं तीन सिटिंगमध्ये पहिल्यासारखं करू,’ असं साताऱ्यात किंवा सांगलीत कुणी सांगितलं, तर आधी एवढंच विचारा: हा आजार आहे की सौंदर्योपचार? पुढचं सगळं बिल या उत्तरावर ठरतं.

खोकताना लघवी गळणं, अंग बाहेर येणं, जुने टाके दुखणं हे आजार. त्यासाठी मिरजेचं शासकीय रुग्णालय किंवा साताऱ्याचं सिव्हिल गाठा. आधार, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट सोबत न्या. लघवी गळण्यावर पहिला उपाय ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. तीन महिने, नेमानं, फुकट.

नुसत्या सौंदर्यासाठी असेल तर पॅकेजवर जीएसटी वेगळा. ‘आजार आहे’ म्हणत जीएसटी लावला, तर कारण विचारा. विमा सौंदर्योपचाराचे पैसे देत नाही. ‘विम्यात बसवून देतो’ म्हणजे कागदावर खोटा आजार. प्रकरण अंगाशी आलं तर पॉलिसी तुमची जाते. भूलतज्ज्ञ, ओटी, औषधं, फेरतपासणी आणि नंतरचं ‘टच-अप’ पॅकेजमध्ये आहे का, हे लेखी घ्या.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये बजावलं: गरज नसताना केलेल्या योनीच्या शस्त्रक्रियांची सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध नाही, जंतुसंसर्ग, व्रण, संबंधांच्या वेळी वेदना होऊ शकतात. तिथल्या एफडीएनं २०१८ मध्येच अशा लेसरच्या जाहिरातींवर इशारा दिला होता. ‘तुमचं सगळं नॉर्मल आहे, काही करू नका,’ म्हणणारे डॉक्टर भेटले तर तपासणी फी वसूल झाली समजा.

असंच लग्नाआधी ‘पडदा शिवून घ्या’ म्हणून घरचे मुलीला आणतात. कौमार्य तपासणीला शास्त्रीय आधारच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलंय. म्हणजे हा खर्च निव्वळ भीतीचा. सज्ञान मुलीच्या संमतीपत्रावर सही तिचीच. आईची, सासूची, नवऱ्याची चालत नाही. भुलेखालच्या रुग्णाच्या आईची संमती सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये अमान्य केली होती.

बिनसलं तर केसपेपर लेखी मागा, ७२ तासांत द्यावे लागतात. तक्रार साताऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, सांगली-मिरजेत महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांकडे. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग: मुदत दोन वर्षं, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पावती मात्र लागेल. रोख दिलेत तरी घ्याच.