अहवालातील छायाचित्रे : जोडणी व मांडणी

पूर्ण झालेल्या कामाच्या अहवालास छायाचित्रे जोडण्याची पद्धत आता ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत रूढ झाली आहे. शाळेचा वार्षिक वृत्तांत असो वा पाणंद रस्त्याचा पूर्णत्वाचा दाखला, छायाचित्रावाचून तो अपुरा समजला जातो. परंतु संगणकावर मजकूर उत्तम टंकलिखित करणाऱ्या पुष्कळशा कर्मचाऱ्यांना त्या मजकुरात चित्र कसे बसवावे, याचे रीतसर शिक्षण मिळालेले नसते. चित्र कोठेतरी चिकटवावयाचे, ओढून जागेवर आणावयाचे आणि छापून मोकळे व्हावयाचे, असाच बहुधा परिपाठ असतो.

त्याचा परिणाम काय होतो, हे प्रस्तुत लेखकाने एका ग्रामपंचायतीच्या बाबतीत पाहिले आहे. अहवालात तीन कामे होती : विहिरीची दुरुस्ती, शाळाखोलीचे छत आणि अंगणवाडीचे स्वच्छतागृह. संगणक परिचालकाने छायाचित्रे नीट जागच्या जागी लावून दिली. नंतर वरिष्ठांच्या सूचनेवरून पहिल्या पानावर चार ओळी वाढविण्यात आल्या. मजकूर खाली सरकला, काही चित्रे त्याबरोबर गेली, काही तेथेच राहिली. आणि विहिरीचे छायाचित्र शाळाखोलीच्या मथळ्याखाली छापले गेले. प्रकरण त्रुटी काढून परत आले. काम चोख झालेले असूनही देयक दीड महिना अडकून पडले. यात लबाडी कोणाचीच नव्हती. चित्र मजकुराला बांधलेले नव्हते, एवढेच.

हा प्रकार कसा घडतो, हे जुन्या छापखान्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. खिळ्यांच्या छपाईत चित्राचा ठोकळा खिळ्यांच्याच चौकटीत आवळून बसविला जाई. जुळाऱ्याने वर एक ओळ वाढविली तर ठोकळा आपोआप खाली जाई. 'वर्ड'मध्ये 'इन्सर्ट' या पट्टीवरील 'पिक्चर्स' या आज्ञेने आणलेले चित्र प्रारंभी याच रीतीने बसते. या रीतीस 'इन लाइन विथ टेक्स्ट' असे नाव आहे. संगणकाच्या दृष्टीने असे चित्र म्हणजे एक मोठे अक्षरच होय. जेथे कर्सर होता तेथे ते उमटते आणि ओळीबरोबर चालते. मात्र चित्र हवे तेथे ओढता येईना म्हणून पुष्कळजण 'रॅप टेक्स्ट'मधून 'स्क्वेअर' किंवा 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' हा पर्याय निवडतात. त्या क्षणी ठोकळा चौकटीतून सुटतो व चित्र तरंगते होते.

तरंगते चित्रही अगदीच निराधार नसते. त्यावर टिचकी मारली असता समासाजवळ नांगराचे लहानसे चिन्ह दिसते. ज्या परिच्छेदापाशी नांगर, त्या परिच्छेदाचे ते चित्र. तो परिच्छेद पुढील पानावर गेला की चित्रही त्या पानावर जाते. तो संपूर्ण खोडला तर चित्रही नाहीसे होते. 'फिक्स पोझिशन ऑन पेज' हा पर्याय निवडला असेल, तर मजकूर सरकला तरी चित्र त्या पानावरील ठरलेली जागा सोडत नाही. वरील अहवालात काही चित्रे हालली व काही हालली नाहीत, त्याचे कारण हेच. तेव्हा ज्या कागदपत्रात चित्र हा पुरावा आहे, तेथे चित्र ओळीतच ठेवावे. तरंगती चित्रे निमंत्रणपत्रिकेस व भित्तिपत्रकास शोभतात. 'लिब्रेऑफिस' वापरणाऱ्यांनी नांगराच्या पर्यायांतून 'ॲज कॅरेक्टर' निवडावे. काम तेच होते.

येथे देवनागरी लिहिणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. मात्रा-वेलांट्यांमुळे ओळी कमीअधिक उंच दिसतात, म्हणून काहीजण ओळींतील अंतर 'एक्झॅक्टली' या पर्यायाने पक्के करून टाकतात. मग ओळीत घातलेल्या चित्राची केवळ एक चिंचोळी पट्टी दिसते आणि छायाचित्र बिघडले असा समज होतो. चित्र शाबूत असते. त्या परिच्छेदापुरते अंतर 'सिंगल' केले की ते पूर्ण प्रकट होते. अर्धा दिवस या पट्टीशी झगडून अखेर चित्रे डिंकाने चिकटविलेला अहवालही प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आहे!

कामापूर्वीचे आणि कामानंतरचे अशी दोन छायाचित्रे शेजारी हवी असल्यास ती ओढून ओढून जुळवू नयेत. दोन स्तंभांचा व दोन ओळींचा तक्ता घ्यावा. वरच्या घरांत चित्रे, खालच्या घरांत त्यांची माहिती. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. फाइलीच्या टॅगसाठी डावीकडे साडेतीन व उजवीकडे अडीच सेंटिमीटर समास सोडला, तर १५ सेंटिमीटर उरतात; म्हणजे प्रत्येक चित्र ७ सेंटिमीटर रुंद ठेवणे सोयीचे. तक्त्याच्या गुणधर्मांतील 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टु फिट कंटेंट्स' ही खूण काढून टाकावी, नाहीतर मोठे चित्र आपला स्तंभ फुगवून शेजाऱ्याला दाबते. वरच्या ओळीतील परिच्छेदांना 'कीप विथ नेक्स्ट' लावले, म्हणजे चित्र एका पानावर व त्याची माहिती दुसऱ्या पानावर असे होत नाही. छपाईत तक्त्याच्या रेषा नको असतील तर त्या लपविता येतात.

चित्र लहान-मोठे करताना कोपऱ्यातील ठिपकाच धरावा. बाजूचा ठिपका धरून ओढल्यास चित्राचे प्रमाण बिघडते आणि चार मीटरचा रस्ता सहा मीटरचा भासू लागतो. मोजमापाच्या कामात ही चूक क्षुल्लक मानता येणार नाही.

चित्राखालील ओळ हाताने क्रमांक घालून लिहू नये. 'रेफरन्सेस' पट्टीवरील 'इन्सर्ट कॅप्शन' ही आज्ञा वापरावी व 'न्यू लेबल'मध्ये 'छायाचित्र' हा शब्द एकदा नोंदवावा. मध्येच एखादे चित्र वाढले वा गळले तर सर्व मजकूर निवडून 'एफ ९' ही कळ दाबताच क्रमांक सुधारतात. त्या ओळीत 'कामाचे दृश्य' एवढेच लिहिणे निरुपयोगी होय. कोणते काम, कोठे, कोणत्या दिशेने पाहता, कोणत्या तारखेस, हे तपासणी अधिकाऱ्यास हवे असते.

आता आकारमानाचा प्रश्न. १२ मेगापिक्सेलच्या फोनवरील छायाचित्र साधारणतः ४००० पिक्सेल रुंद असते. ७ सेंटिमीटर रुंदीच्या छपाईस, इंचास २२० पिक्सेल या मानाने, सुमारे ६०० पिक्सेल पुरतात. म्हणजे साडेसहा पट रुंदीचे चित्र आपण विनाकारण वाहून नेतो. अशी वीस-पंचवीस छायाचित्रे जोडलेली फाइल ईमेलने जाईनाशी होते. चित्र पानावर लहान केल्याने फाइल लहान होत नाही. त्यासाठी 'कॉम्प्रेस पिक्चर्स' ही आज्ञा द्यावी लागते. मूळ छायाचित्रे मात्र तारीखवार वेगळी जपून ठेवावीत. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने आलेली प्रत आधीच लहान झालेली असते. तिला मूळ प्रत समजू नये.

सर्वांत गंभीर बाब याच्या पुढची आहे. 'क्रॉप' करून कापलेला भाग नाहीसा झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे. कापलेला भाग केवळ झाकला जातो. ज्याच्या हाती फाइल जाईल तो एका टिचकीने तो पुन्हा पाहू शकतो. चेहऱ्यावर काळी चौकट ओढली तरी तीही बाजूला सरकविता येते. समजा, शिक्षकाने एखाद्या पीडित मुलीचा चेहरा कापून अहवाल पाठविला. प्रत्यक्षात त्याने तिचा चेहराच पाठविलेला असतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये पीडित अथवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रकट करण्यास मनाई आहे, आणि 'मी तर चेहरा कापला होता' हे सांगणे त्या मुलीच्या काही उपयोगाचे नाही. यासाठी 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मधील 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स' या ओळीवर खूण करावी. सर्व चित्रांना ते लागू व्हावे म्हणून 'अप्लाय ओन्ली टु धिस पिक्चर' ही खूण काढावी आणि मगच फाइल जतन करावी. त्याहून खात्रीचा मार्ग असा की, छायाचित्र 'पेंट'सारख्या साधनात आधीच कापून वेगळ्या नावाने जतन करावे व तेच अहवालात घालावे. शक्य तेथे मुळात चेहरा येणारच नाही असे छायाचित्र घ्यावे.

अहवाल पूर्ण झाल्यावर त्याची पीडीएफ प्रत करून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी व प्रत्येक चित्र आपल्या मथळ्याखाली आहे की नाही, हे मूळ मजकुराशी ताडावे. वरिष्ठांनी त्यानंतर ओळी वाढविल्या, तर पीडीएफ नव्याने करावी व चित्रे पुन्हा ताडून पाहावीत.