खुल्या दारापाशीं उपवास

आपल्या खानदेशांत राबलेल्या एका शिक्षकाचें उदाहरण या पाठांत पाहूं. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ सालीं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले. वसतिगृहांतील आजारी मुलांची शुश्रूषा ते स्वतः करीत आणि मुलांचीं बारीकसारीक कामें आपल्या हातांनीं उरकीत. १९३० सालीं नोकरी सोडून ते सत्याग्रहांत उतरले. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें लिहून घेण्याची सेवाहि त्यांनींच केली.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरांत त्या काळीं अस्पृश्य गणलेल्यांना प्रवेश नव्हता. साने गुरुजींनीं प्रथम गांवोगांव फिरून लोकांचीं मनें वळविलीं. मग १ मे १९४७ रोजीं पंढरपुरास उपोषण आरंभिलें. पुढें तें सुटलें आणि मंदिर सर्वांस खुलें होण्याचा मार्ग मोकळा झाला.

आतां विचार करा. गुरुजी ब्राह्मण कुळांत जन्मले होते. त्यांना तें दार कधींच बंद नव्हतें. जो स्वतः आंत जाऊं शकत होता, तोच बाहेर ठेवलेल्यांसाठीं उपाशी राहिला. थोरांची स्तुति करणें सोपें आहे. पण आपल्या मंडळींत, पाणवठ्यावर किंवा सोयरिकींत पूर्वीची जात अजून अंतर राखीत असेल, तर ती स्तुति पोकळ होय.

मननासाठीं प्रश्न: (१) मला खुलें असलेलें कोणतें दार माझ्या शेजाऱ्यास बंद आहे? (२) तें उघडण्यासाठीं मी काय सोसण्यास तयार आहें?