कॉलेजची फी आणि दुकानाचे भांडवल

बारावीचे निकाल लागले की आमच्या दुकानात गिऱ्हाइकांबरोबर सल्ला विचारणारेही येऊ लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात असाच एक ओळखीचा शिकलगार कारागीर आला. त्याचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. म्हणाला, "चाचा, पोरीला मार्क चांगले हायत, सीईटी पण दिलीया. फार्मसीला जातो म्हणती. वर्षाला लाख-सव्वा लाख लागतील असं ऐकतोय. लेथ गहाण टाकतो. शेकडा तीननं कोण देणारा हाय का वळखीचा?"

आम्ही म्हटले, "लेथ राहू दे जागेवर. आधी कागद दाखव. पोरीचा जातीचा दाखला काढलाय का?"

"थोरल्याचा काढलाय. पोरीचा कशाला लागतोय?"

या एका प्रश्नात आपल्या समाजातील बहुतेक व्यापारी-कारागिरांची अडचण आली. शिक्षणाचा पैसा कोठून उभा करायचा हे आपण प्रवेशाच्या आठवड्यात ठरवतो. मग हाताला लागेल ते उचलतो: गल्ल्यातील रोकड, बायकोचे दागिने, नाही तर सावकार. या लेखात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. फी भांडवलातून भरू नये. ती कोठून भरावी, याचा क्रम ठरलेला असावा.

शाहू महाराजांचा धडा

हा धडा शिकायला कोल्हापूरकरांना लांब जाण्याची गरज नाही. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे केले. दसरा चौकातून जाता-येता ती वास्तू आपण रोज पाहतो. त्यानंतर लिंगायत, अस्पृश्य व इतर समाजांची बोर्डिंगे होत गेली.

यात व्यापाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, महाराज नुसती फी माफ करून थांबले नाहीत. खेड्यातल्या मुलाला फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च जड जातो हे त्यांनी ओळखले. आजही तेच आहे. पुण्यात मुलगा ठेवला तर खोली आणि मेस मिळून पुष्कळदा ट्यूशन फीची बरोबरी करतात. दुसरी गोष्ट, बोर्डिंगला जागा आणि कायमचे उत्पन्न लावून दिले. मूळ ठेवायचे आणि उत्पन्न खर्चायचे, ही वक्फची रीत आहे आणि शहाण्या दुकानदाराचीही तीच असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि त्याबदली संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करार. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले. तेव्हा प्राध्यापकीच्या पगारातील बचत, शाहू महाराजांची मदत आणि पारसी मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज अशी जुळणी केली. एवढ्या मोठ्या माणसालाही एका ठिकाणाहून सगळा पैसा मिळाला नाही. जोडणी करावी लागली. आपणही तेच करायचे.

आमच्या घरचा तोटा

आमचा थोरला २०१३ साली इंजिनिअरिंगला गेला. त्या वर्षी रमजान जुलैत आला होता आणि प्रवेशही जुलैतच. ईदच्या मालासाठी बाजूला ठेवलेले दोन लाख आम्ही कॉलेजात भरले. मनात विचार असा, की आपलाच पैसा आहे, व्याज नाही, कोणाचे उपकार नाहीत. उत्पन्नाचा दाखलाही वेळेत काढला नव्हता, त्यामुळे फीसवलतीचा अर्ज राहून गेला. दोष आमचाच.

मग झाले काय? गांधीनगरहून माल कमी उचलला. इचलकरंजीच्या पार्टीला रोख देता आले नाही, म्हणून भाव चढा लागला. ईदच्या आठ दिवस आधी ड्रेस मटेरियल संपले आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले. पुढे हिशेब मांडला. दोन लाखांचा माल वर्षातून तीनदा फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात शेकडा बारा सुटतात असे धरले, तर वर्षाला ७२ हजारांची मिळकत बुडाली. बिनव्याजी वाटलेला पैसा आम्हाला शेकडा छत्तीसने पडला. सावकाराचा शेकडा तीनचा दर, म्हणजे महिन्याला शंभरास तीन, तोही वर्षाला छत्तीसच होतो. त्या दिवसापासून गल्ला आणि फी यांची वही आमच्याकडे वेगळी आहे.

पैशाचा क्रम

१. परत न करावयाचा पैसा. सर्वांत आधी सरकारी फीसवलत पाहावी. राज्यात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर खुल्या वर्गातील पात्र विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या ट्यूशन फीत निम्मी सवलत मिळते. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन असे अनेक मुस्लिम समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांच्यासाठी वेगळी योजना आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातील मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय फेरीतून घ्यावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की सवलत गेली. अल्पसंख्याकांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर दर वर्षी नव्याने पुढे चालवावा लागतो.

एक सावधगिरी. जुन्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेस' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिपही २०२२ च्या डिसेंबरात बंद झाल्याचे जाहीर झाले. या योजना अजून चालू आहेत असे समजून काही जण वर्ष घालवतात.

२. राहण्या-जेवण्याची बचत. बोर्डिंग किंवा सरकारी वसतिगृह मिळते का, हे प्रवेशाआधीच विचारावे. घरून जाण्यासारखे कॉलेज असेल तर थोड्या नावासाठी लांबचे घेऊ नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात, १९४७ साली ते निघाले तेव्हापासून, 'कमवा आणि शिका' ही रीत रुजवली. शिवाजी विद्यापीठातही अशी योजना आहे. काम करून शिकण्यात कमीपणा नाही. आपली मुले दुकानात ताका मोजूनच मोठी होतात.

३. कर्जे-हसना. मामू, चाचा, जमात, ट्रस्ट यांच्याकडून बिनव्याजी रक्कम घ्यावी, पण ती लिहून घ्यावी. कुरआन शरीफात उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि आपण नेमके नात्यात तो पाळत नाही. रक्कम, परतीची तारीख आणि दोन साक्षीदार लिहिलेले असले की नाते टिकते.

४. महामंडळाचे कर्ज. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आणि केंद्राचे १९९४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ शिक्षणासाठी कमी दराने कर्ज देतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला वर्षाला शेकडा ३ चा दर लागू होतो. जामीनदार लागतो आणि वेळही लागतो, म्हणून अर्ज लवकर करावा.

५. बँकेचे शैक्षणिक कर्ज. ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत घर-दुकान तारण ठेवावे लागत नाही. हप्ता सहसा शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होतो. मान्यताप्राप्त तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमाला आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यास, तोपर्यंतचे व्याज सरकारने भरण्याची योजना २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक चांगल्या संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तीत जामीनदाराशिवाय कर्ज मिळते.

व्याजाच्या कर्जाबद्दल अनेकांच्या मनात खटका असतो, आमच्याही असतो. मसला आलिमांना विचारावा. तो आमचा अधिकार नाही. आमचे म्हणणे फक्त वहीपुरते आहे. बँकेचे दार व्याजापायी बंद करणारा माणूस सावकाराच्या शेकडा तीनला तयार होतो, तेव्हा त्याने व्याज टाळलेले नसते, चौपट केलेले असते. म्हणूनच पहिल्या तीन पायऱ्यांवर जास्तीत जास्त जोर द्यावा.

कर्जाचा हिशेब

समजा, चार वर्षे दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचलला आणि दर वर्षाला शेकडा १० सरळ व्याज आहे. चौथ्या वर्षाअखेर व्याज एक लाख होते. सवलतीच्या पाचव्या वर्षी आणखी ४० हजार. म्हणजे चारचे ५ लाख ४० हजार झाले. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ७,१०० चा हप्ता, एकूण साडेआठ लाखांवर. तेच व्याज शिकतानाच भरत गेलात तर हप्ता सुमारे ५,३०० वर येतो. शेकडा ३ च्या कर्जात पाच वर्षांचे सारे व्याज ४२ हजारच होते. मुलाचा पहिला पगार किती असेल याचा अंदाज घेऊन मगच आकडा ठरवावा. बँक देते म्हणून उचलू नये.

कागदांचा हंगाम

ईदचा माल आपण दोन महिने आधी भरतो. कागदही तसेच भरावेत. जानेवारीत डोमिसाईल, जातीचा दाखला आणि जात वैधतेचा अर्ज. एप्रिल लागला की उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर. बँक खात्याला आधार जोडलेले हवे. आपल्याकडे एक अडचण हमखास येते. उर्दू शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरे; एकीकडे सय्यद, दुसरीकडे सैय्यद. या एका अक्षरापायी अर्ज मागे येतो. दहावीतच नावे एकसारखी करून घ्या.

शिकलगार भाईंच्या पोरीचा दाखला थोरल्याच्या कागदांच्या आधारे निघाला, वैधतेसाठी दोन महिने खेटे घालावे लागले. फेरीतून नंबर लागला आणि ट्यूशन फी माफ झाली. होस्टेल, मेस आणि पुस्तके राहिली. त्यासाठी तिच्या मामूंनी ४० हजार बिनव्याजी दिले. महिना दोन हजारांनी परत करायचे असे लिहून झाले. लेथ चालू आहे, म्हणून तो हप्ता निघतो. लेथ गहाण पडला असता तर पोरीचे पहिले वर्ष निघाले असते आणि दुसऱ्या वर्षी ती घरी बसली असती.

आमची धाकटी २०१८ मध्ये बी.एस्सी.ला गेली तेव्हा गल्ल्याला हात लावला नाही. पैसा तेवढाच लागला, फक्त वेळेवर आणि योग्य क्रमाने उभा केला. ज्यांचे मूल आज नववीत आहे त्यांनी आजच एक वेगळी वही घालावी, महिना जमेल ते टाकावे आणि पहिल्या पानावर काढावयाच्या कागदांची यादी लिहावी.