डोंगरउताराच्या बागेसाठी गवत कापणीचे यंत्र कसे निवडावे?

कोकणातील वरकस जमिनीवर आंबा व काजू यांच्या बागा आज मोठ्या प्रमाणावर उभ्या आहेत. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला आणि पूर्वी नाचणी-वरीखाली किंवा नुसत्या गवताखाली असलेल्या कित्येक डोंगरउतारांवर कलमे लागली. झाडे वाढली, परंतु त्यांच्याखाली पावसाळ्यात कमरेएवढे माजणारे गवत कापावयाचे कसे, हा प्रश्न दरवर्षी अधिक बिकट होत चालला आहे. दसऱ्याच्या सुमारास गवत कापले नाही तर ते उभेच वाळते आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने मोहरासह बाग होरपळून जाते. विळ्याने गवत कापणारी माणसे वेळेवर मिळत नाहीत. अशा स्थितीत बागायतदाराचे लक्ष यंत्राकडे वळावे, हे साहजिक आहे.

खांद्यावर अडकवावयाची कापणी यंत्रे आता गावोगावी दिसतात. अलीकडे बसून चालवावयाच्या यंत्रांचीही चौकशी होऊ लागली आहे. या लेखात त्यांना आपण ‘बैठकीचे यंत्र’ म्हणू. सपाट जागेवर ते फार उपयोगी आहे. एक मीटर रुंदीचा पट्टा कापणारे यंत्र ताशी चार किलोमीटर वेगाने चालविले, तर हिशेबाने तासाला चार हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर गवत कापले जाते. झाडांना घालावे लागणारे वळसे व अडथळे ध्यानात घेऊन याच्या निम्मे काम धरले, तरी ते पुष्कळ आहे. परंतु उतारावर हेच यंत्र माणसाच्या जिवावर बेतू शकते.

एका चुकीचा धडा

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका बागायतदाराने असे यंत्र घेतले. खरेदीपूर्वी त्यांनी माझा सल्ला विचारला होता. मी बागेत गेलो, घराजवळची सपाट जागा पाहिली, झाडांतील अंतर पाहिले आणि यंत्र घेण्यास हरकत नाही, असे सांगितले. वरच्या अंगाचा उतार मी मोजला नाही. सप्टेंबर अखेरच्या एका सकाळी, गवत दवाने ओले असताना, ते उताराला आडवे यंत्र चालवीत होते. मागचे चाक घसरले, खालच्या बाजूचे चाक खळग्यात गेले आणि यंत्र कलंडत खालच्या गडग्यावर आदळले. सुदैवाने ते वरच्या बाजूस फेकले गेले, म्हणून पायाच्या दुखापतीवर निभावले.

भेटीस गेलो असता ते म्हणाले, “साहेब, उताराला आडवे चाला, असे तुम्हीच आम्हाला सांगत आलात ना?” त्यांचे म्हणणे खरे होते. जमीन धुपू नये म्हणून नांगरणी, पेरणी, चर, बांध ही सर्व कामे उताराला आडवी करा, असे आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत, व ते योग्यच आहे. परंतु माणूस ज्यावर बसतो त्या गवत कापणीच्या यंत्राला हा नियम लागू पडत नाही, हे आपण सांगत नाही. हा फरक गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावा, हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

यंत्र का उलटते?

कोणतेही यंत्र उलटणे न उलटणे हे त्याच्या दोन चाकांतील अंतरावर आणि त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे, यावर अवलंबून असते. समजा, चाकांतील अंतर ९० सेंटिमीटर आणि चालकासह गुरुत्वमध्याची उंची ५० सेंटिमीटर आहे. असे यंत्र आडव्या उतारावर स्थिर उभे केले तर ते सुमारे ४२ अंशांपर्यंत उलटणार नाही. मग बहुतेक उत्पादक १५ अंशांचीच मर्यादा का घालतात?

कारण बागेतील जमीन हिशेबातल्यासारखी सारखी नसते. वरच्या बाजूचे चाक १५ सेंटिमीटर उंचीच्या दगडावर चढले, तर १५ अंशांचा उतार यंत्राच्या दृष्टीने जवळजवळ २५ अंशांचा होतो. त्याच वेळी खालचे चाक १० सेंटिमीटर खोल खळग्यात गेले, तर तो ३० अंशांच्याही पुढे जातो. त्यात वळताना बसणारा हिसका व चालकाचे शरीर एका बाजूस झुकणे यांची भर पडते. शिवाय ओल्या गवतावर किंवा जांभ्याच्या सुट्या खड्यांवर यंत्र उलटण्याच्या कितीतरी आधी घसरू लागते. यास्तव १५ अंशांची मर्यादा अतिसावधपणाची नसून रास्त आहे.

उताराला उभे, म्हणजे सरळ वर-खाली जाताना पुढील व मागील चाकांतील अंतर कामी येते. ते बहुधा आडव्या अंतरापेक्षा अधिक असल्याने यंत्र त्या दिशेने अधिक स्थिर राहते. म्हणून बैठकीचे यंत्र वर-खाली चालवावे. याउलट, मागून चालत ढकलावयाचे यंत्र उताराला आडवेच चालवावे. कारण वर-खाली जाताना पाय घसरला तर माणूस पात्याखाली येण्याचे किंवा यंत्र माणसावर येण्याचे भय असते.

उतार कसा मोजावा?

यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. एक मीटर लांबीची सरळ लाकडी पट्टी व गवंड्याची पाणसळ पुरेशी आहे. पट्टीचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूस जमिनीला टेकवावे, पट्टी पाणसळीने सपाट धरावी आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचे उभे अंतर मोजावे. ते ९ सेंटिमीटर आले तर उतार सुमारे ५ अंश, १८ आले तर १० अंश, २७ आले तर १५ अंश आणि ३६ आले तर २० अंश समजावा. हे मोजमाप बागेत निदान दहा ठिकाणी घ्यावे. सरासरी काढू नये. यंत्र जेथे जेथे जाणार, त्यांपैकी सर्वांत तीव्र जागेचा आकडा धरावा. कारण अपघात सरासरी उतारावर होत नाही.

कोणत्या उतारास कोणते यंत्र?

१. दहा अंशांपर्यंत : जमीन सारखी असल्यास बैठकीचे यंत्र चालेल.

२. दहा ते पंधरा अंश : उत्पादकाने परवानगी दिली असेल, संरक्षक चौकट असेल, गवत कोरडे असेल व चालक सरावलेला असेल, तरच बैठकीचे यंत्र वापरावे.

३. पंधरा अंशांच्या वर : बैठकीचे यंत्र नेऊ नये. मागून चालवावयाचे अथवा खांद्यावरचे यंत्र वापरावे. जेथे माणसाचा पायच ठरत नाही, तेथे खांद्यावरचे यंत्रही धोक्याचे असते. तेवढा तुकडा विळ्यासाठी राखावा.

माहितीपुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल, तर तीच प्रमाण मानावी. तसेच बागेत अर्धचंद्राकृती बांध, चर किंवा मजग्या असतील, तर उतार कमी असूनही बैठकीचे यंत्र तेथे उपयोगाचे नाही. यंत्रासाठी बांध मोडणे म्हणजे मातीचा तोटा करून घेणे होय.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

चाकांतील अंतर रुंद व बैठक ठेंगणी असलेले यंत्र पसंत करावे. केवळ अश्वशक्ती पाहून निवड करू नये. चारही चाकांना गती मिळत असेल तर पकड चांगली राहते. मात्र तेवढ्यावरून उताराची मर्यादा वाढली, असे समजू नये.

दोन दांड्यांनी जागच्या जागी वळणारी यंत्रे झाडांभोवती सोयीची वाटतात. तथापि त्यांची पुढची चाके नुसती फिरती असतात. वळणे आणि थांबणे ही दोन्ही कामे मागच्या चाकांवर अवलंबून असतात. मागची पकड सुटली की दिशा व रोध दोन्ही एकदम हातचे जातात. म्हणून उतारासाठी ती निवडताना विशेष विचार करावा.

उतारावर गिअर बदलावा लागणारे यंत्र मध्येच मोकळे सुटून खाली धावू शकते. तेलाच्या दाबावर चालणारी गतिव्यवस्था असल्यास हा धोका कमी होतो.

यंत्र उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी लोखंडी चौकट व तिच्याबरोबर बैठकीचा पट्टा असावा. चौकट उभी असताना पट्टा बांधलाच पाहिजे. चौकट नसेल किंवा दुमडलेली असेल, तर मात्र पट्टा बांधू नये. नाहीतर माणूस यंत्राला जखडून त्याच्याखालीच सापडतो. चालक उठताच पाते थांबविणारी योजना विक्रेत्याकडून चालवून पाहावी. यंत्र विक्रेत्याच्या अंगणात न पाहता शक्यतो आपल्या बागेत चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा. अनुदान मिळते एवढ्याच कारणास्तव यंत्र घेऊ नये.

चालविताना घ्यावयाची काळजी

पावसानंतर किंवा दव असताना उतारावर यंत्र नेऊ नये. ओल्या जमिनीत वर-खाली जाणाऱ्या चाकांच्या चाकोऱ्या पडतात, त्यांतून पाणी धावते व माती वाहून जाते. जमीन वाळल्यावर काम केल्यास आणि दर वेळी चाकांची वाट बदलल्यास हा दोष टळतो. गवत मुळापासून न खरवडता ७ ते १० सेंटिमीटरचे खुंट राखावेत, म्हणजे माती धरून राहील.

काम सुरू करण्यापूर्वी बाग पायी फिरून दगड, खुंट, वारुळे व खळगे यांवर खुणेच्या काठ्या रोवाव्यात. गडगा, मजगी किंवा दरडीच्या कडेपासून यंत्राच्या दुप्पट रुंदीइतके अंतर सोडावे. ते गवत हाताने कापावे. चढावर यंत्र अडले तर तेथे वळवू नये. पाते बंद करून सरळ मागे, सावकाश खाली यावे. मुलांना यंत्रावर बसवू नये. खांद्यावरचे यंत्र चालू असता इतरांनी निदान १५ मीटर दूर राहावे आणि चालकाने चष्मा व बूट वापरावेत.

कार्यकर्त्यांस विनंती

शेतकरी बंधू यंत्राविषयी विचारावयास आले, तर प्रथम यंत्राची किंमत किंवा अश्वशक्ती सांगू नये. पट्टी व पाणसळ घेऊन त्यांच्याबरोबर बागेत जावे आणि सर्वांत तीव्र जागी उतार मोजावा. बागेचा सपाट भाग बैठकीच्या यंत्राने, मधला भाग चालत्या यंत्राने आणि कडेचा भाग विळ्याने, अशी विभागणी पुष्कळदा सोयीची ठरते. तीन-चार बागायतदारांनी मिळून यंत्रे घेतल्यास खर्चही आवाक्यात येतो. पट्टीने उतार मोजण्यास अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास मी त्या वेळी दिला असता, तर एक अपघात टळला असता.